गच्चीची किल्ली आणि शनीचं कडं

खोक्यावर शनीचा फोटो होता. ताटाएवढा, केशरी, आणि भोवती कडी अशी ऐसपैस पसरलेली की दुकानदाराने किंमत सांगायच्या आधीच मी खिशात हात घातला. फोटोखाली मोठ्या अक्षरांत '५२५ पट' असं लिहिलेलं. चौदा हजार रुपये मी खरं तर त्या फोटोचे दिले, दुर्बीण त्याच्याबरोबर घरी आली. घरी सांगताना मात्र, 'चिरंजीव आठवीत गेलेत, विज्ञानाची गोडी लागावी' असं सांगितलं. चिरंजीवांना गोडी तीन मिनिटं लागली. तेवढ्या वेळात खोक्यातला थर्माकोल फोडून संपला.

५२५ या आकड्याचा हिशेब मी पैसे दिल्यावर समजून घेतला. माझ्या दुर्बिणीचा आरसा ११४ मिलिमीटरचा. आरसा जितके मिलिमीटर, त्याच्या फार तर दुप्पट पटींपर्यंत नीट दिसतं, म्हणजे सव्वादोनशेपर्यंत; तेही हवा शांत असेल तर. त्यापुढे ग्रह मोठा होत नाही, त्याचं धुकं मोठं होतं. सोबतच्या दोन आयपीसपैकी (आयपीस म्हणजे डोळा लावायचं भिंग) एकीने ३६ पट दिसतं, दुसरीने ९०. थोडक्यात, खोक्यावरच्या आकड्याचा आणि दुर्बिणीचा संबंध बिल्डरच्या ब्रोशरमधल्या स्विमिंग पूलचा आणि इमारतीचा असतो तेवढाच.

दुसरी चूक मुहूर्ताची. आषाढात दुर्बीण घेणारा नाशकात मी एकटाच असेन. जुलैपासून ती हॉलच्या कोपऱ्यात तीन पायांवर, अंगावर जुनी चादर घेऊन उभी. पाहुणे आत आले की आधी तिच्याकडे बघायचे आणि मग आवाज खाली आणून विचारायचे, "घरात कोणी आजारी आहे का?" तिचा तोल सांभाळणारं ते गोल, जाड लोखंडी काउंटरवेट बायकोने पनीर दाबायला नेलं. पनीर छान व्हायचं. दुर्बिणीवर त्या काळात झालेला खर्च एवढ्याच मार्गाने वसूल झाला.

गणपती गेले, पाऊस जरा उघडला आणि मी पुस्तिका उघडली. त्यात लिहिलं होतं की माउंटचा, म्हणजे दुर्बीण ज्यावर फिरते त्या बैठकीचा, अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखा. नाशिक २० अक्षांशावर, त्यामुळे ध्रुव क्षितिजापासून २० अंशांवर. एवढं सोपं. आमच्या गच्चीवरून बरोबर उत्तरेला, बरोबर २० अंशांवर, समोरच्या अपार्टमेंटची पाण्याची टाकी येते. शेवटी मी टाकीलाच ध्रुव मानलं. तीही अढळ आहे. शिवाय रात्री पावणेअकराला ओव्हरफ्लो होते, म्हणजे अंधारात आवाजावरून सापडते.

मग शोधक दुर्बीण, म्हणजे मोठ्या नळीच्या पाठीवर बसलेली छोटी नळी. दोघींची नजर जुळवायची असते आणि ते काम दिवसा, लांबच्या एखाद्या वस्तूवर करावं असं सांगतात. मी पांडवलेण्यांच्या डोंगराचा माथा निवडला. छोटीला तीन स्क्रू. एक डावीकडे फिरवला की डोंगर उजवीकडे, दुसरा फिरवला की डोंगर गायब, तिसरा फिरवला की स्क्रू हातात. सव्वा तासाने डोंगर मिळाला, पण उलटा. आभाळातून वटवाघळासारखा लोंबणारा. आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं. आकाशात वर-खाली काही नसतं म्हणून कोणाचं अडत नाही.

आमच्या सोसायटीत अडलं. इंदिरानगरात भरदुपारी एक मध्यमवयीन गृहस्थ गच्चीवर नळीला डोळा लावून बसलाय, ही बातमी मी खाली उतरायच्या आत ए विंगला पोचली. संध्याकाळी समोरच्या इमारतीत दोन नवे पडदे लागले. रात्री सेक्रेटरी आले. "तसं काही नाही हो, पण लोक विचारतात," असं म्हणून बसले. मी घाईघाईने खुलासा केला, "अहो, यातून माणसं दिसली तरी उलटी दिसतात." आतून बायकोने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवसापासून गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे, कारण लेखी द्यायचं.

कारण लेखी दिलं: 'चंद्र बघणे.' किल्ली एका तासासाठी मिळाली. चंद्र सापडलाही, पण अगदी मलूल, वातीएवढा. मी त्याचा दोष नाशिकच्या धुळीला दिला, महामार्गावरच्या दिव्यांना दिला, वयालाही दिला. तिसऱ्या रात्री चिरंजीव दोरीवरचे कपडे काढायला वर आले आणि म्हणाले, "बाबा, झाकण तर काढा." झाकण मी काढलं होतं. पण या नळीच्या मोठ्या झाकणात एक छोटं झाकण असतं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. मी तेवढंच काढून तीन रात्री विश्वाचा वेध घेत होतो.

आणि आली कोजागरी. २०२५ ची, ६ ऑक्टोबरला. गच्चीवर चाळीस माणसं, दोन मोठी पातेली मसाला दूध, भेळ, आणि सर्वानुमते ठराव की दुर्बीण काढा. ज्यांनी पडदे लावले तेच रांगेत पुढे.

आता, पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून बघू नये. रस्त्यातले खड्डे समोरून येणाऱ्या गाडीच्या तिरप्या उजेडात कळतात, तसंच चंद्राचं आहे. अष्टमीच्या सुमारास उजेड तिरपा पडतो, सावल्या लांबतात, विवरं उठून दिसतात. पौर्णिमेला ऊन थेट समोरून, सावली कुठेच नाही, सगळं मैद्याच्या पोत्यासारखं सपाट पांढरं. हे मी सांगायला गेलो, तर "तुम्ही आधी दूध घ्या," असं उत्तर मिळालं.

दुसरा घोळ असा की या दुर्बिणीत डोळा वरच्या टोकाला, बाजूने लावतात. पहिल्या मजल्यावरचे नाना सरळ खालच्या टोकाशी गेले, गुडघ्यावर बसले, आणि आरशाच्या बंद बुडाला डोळा लावून म्हणाले, "वा! काय गहिरं आकाश आहे!" त्यांच्या मागच्या तिघांनीही तिथूनच बघितलं आणि पसंत केलं. मग मी रांगेची दिशा बदलली. त्यात पृथ्वी फिरायची थांबत नाही. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, म्हणजे एकाने निवांत बघून 'या वहिनी' म्हणेपर्यंत वहिनींसाठी काही उरत नाही. वहिनी सभ्य. त्या "हो, दिसला की!" म्हणून पुढे सरकतात.

साडेदहाच्या सुमाराला मी माझा हुकमी एक्का काढला. चंद्राच्या जवळच एक स्थिर, पिवळसर ठिपका होता. "आता शनी," मी जाहीर केलं. "कड्यांसकट!" नव्वद पटींची आयपीस लावली, फोकस केला आणि बघितलं.

एक मणी. त्यातून आरपार गेलेली सुई. बस्स.

पुन्हा फोकस केला. आयपीस धोतराच्या, माफ करा, लेंग्याच्या टोकाने पुसली. मणी आणि सुई. मोबाइल काढून शोधलं आणि दूध घशात अडकलं. शनी आपल्या अक्षावर कलून सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी मारतो आणि साधारण दर पंधरा वर्षांनी एकदा त्याची कडी पृथ्वीवरून नेमकी धारेवरून दिसतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेली कडी, पण जाडी बऱ्याच ठिकाणी आमच्या चार मजली इमारतीएवढीच. धारेवरून काय दिसणार? मागच्या वेळी हे २००९ साली घडलं होतं. आणि आता २०२५. मी दुर्बीण घेतली ते वर्ष.

गॅलिलिओलाही १६१२ साली शनीने असाच हात दाखवला होता. आधी दोन बाजूंना काहीतरी दिसत होतं, ते अचानक नाहीसं झालं आणि तो माणूस चक्रावून गेला. पण त्याच्यामागे चाळीस माणसं ग्लास घेऊन उभी नव्हती.

"खोक्यावर तर मोठं कडं होतं," नाना म्हणाले. खोका त्यांनी कधी बघितला देव जाणे. "सर्व्हिसिंगला देऊन बघा." हळूहळू सगळे भेळेकडे वळले.

उरल्या सेक्रेटरींच्या आई. त्या मघापासून रांगेत नव्हत्या, टाकीच्या आडून बघत होत्या. काकूंची रास मेष. मार्चअखेर शनी मीनेत गेला आणि त्यांना साडेसाती लागली. दर शनिवारी मारुतीला तेल, गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं. देवळातसुद्धा शनीसमोर त्या तिरप्या उभ्या राहतात.

"अरे," त्यांनी हळूच विचारलं, "यातून बघितलं तर त्यालाही आपण दिसतो का?"

मी हसणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून थांबलो. म्हटलं, "काकू, तो सुमारे १२८ कोटी किलोमीटरवर आहे. उजेडाला इथे यायला ७१ मिनिटं लागतात. तुम्हाला दिसेल तो सव्वानऊच्या आसपासचा शनी. आणि तुम्ही बघितलंत हे तिकडे पोचायला आणखी ७१ मिनिटं."

काकूंनी मनगटावरचं घड्याळ चांदण्यात धरलं. ओठ हलले. "म्हणजे पावणेबारा."

"साधारण."

"तोवर मी खाली जाऊन झोपलेली असते," त्या म्हणाल्या, चष्मा कपाळावर चढवला, पदर खोचला आणि डोळा लावला. मी दर दोन मिनिटांनी नळी सरकवत राहिलो. काकू हलल्या नाहीत. मागे कोणीतरी दुधाचं पातेलं खरवडत होतं.

"एवढासा आहे की रे," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "आणि हे मधून काय गेलंय, टाचणी टोचल्यासारखं?"

"तेच कडं, काकू."

"बिचारा," काकू म्हणाल्या.

सकाळी दूधवाल्याच्या आधी बेल वाजली. दारात सेक्रेटरी, हातात गच्चीची किल्ली. "ही तुमच्याकडेच ठेवा," ते जरा अवघडून म्हणाले. "आईने विचारलंय, गुरू कधी दाखवताय? सिंहस्थ ज्याच्यामुळे येतो, रस्ते ज्याच्यासाठी खणतात, तो दिसतो तरी कसा ते तिला बघायचंय."

मी सांगितलं, जानेवारीत. तेव्हा तो संध्याकाळीच उगवतो, चारही मोठे चंद्र बरोबर घेऊन.

"स्वेटर लागेल," सेक्रेटरी म्हणाले. मग दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर आले. "आणि त्याच्यावेळी, ते झाकण... चिरंजीव सांगत होते."