अंगणात रेकॉर्ड केलेला अल्बम

एप्रिल २०२५ मध्ये रिआनन गिडन्स आणि जस्टिन रॉबिन्सन या अमेरिकी लोकसंगीत वाजवणाऱ्या जोडीचा 'व्हॉट डिड द ब्लॅकबर्ड से टू द क्रो' हा अल्बम आला. त्याच आठवड्यात एका रात्री हेडफोन लावून ऐकायला बसलो आणि दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला हेडफोन काढले. खिडकीबाहेर किडे किर्र करतायत असं वाटलं. बाहेर काहीच नव्हतं. घरात पंख्याची घरघर तेवढी होती. हेडफोन परत लावले, किर्र परत सुरू. ते किडे रेकॉर्डमध्ये होते.

हा अल्बम नॉर्थ कॅरोलायनात उघड्यावर रेकॉर्ड केलाय. जो थॉम्पसन या फिडलवादकाच्या घरी, एटा बेकर या गिटारवादक बाईंच्या घरी, अशा जागांवर जाऊन. दोघंही आता हयात नाहीत. त्या मोसमात अमेरिकेत १३ वर्षांनी आणि १७ वर्षांनी जमिनीतून वर येणारे सिकाडा या किर्र करणाऱ्या किड्यांचे दोन गट एकाच वेळी बाहेर पडले होते. हे दोन गट याआधी एकत्र बाहेर आले होते ते १८०३ साली. उन्हाळ्यात भर दुपारी सह्याद्रीच्या रानात कान बधिर करणारा जो आवाज असतो, तो याच कुळातल्या किड्यांचा. दुसरा कुणी निर्माता असता तर त्याने रेकॉर्डिंग पुढे ढकललं असतं. यांनी माइक लावले आणि किड्यांसकट वाजवलं. मध्येच पक्षी बोलतात. काही जागी वाद्यापेक्षा किडे वरचढ होतात, आणि मला तेच हवंहवंसं वाटतं.

मातीतलं संगीत ऐकताना माझी एकच कसोटी असते. हे कुठे वाजतंय ते मला कळतंय का? सूर पक्का आहे की नाही, मिक्सिंग किती चकचकीत आहे, हे सगळं नंतर. डोळे मिटल्यावर ओटा, अंगण, देऊळ, खोली, काहीतरी दिसायला हवं. ज्या रेकॉर्डमध्ये जागाच नाही तिच्यात माती कुठून येणार?

आता वाजवण्याबद्दल, कारण खरी मजा तिथेच आहे. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण रॉबिन्सनच्या हातात ते गोडगोड होत नाही. गज तारेवर घासल्याचा खरखरीत आवाज तो लपवत नाही. छोट्या छोट्या झटक्यांनी गज मागेपुढे होतो आणि त्यातूनच ठेका तयार होतो. गिडन्स बँजो (गिटारसारखं लांब मानेचं, पाच तारांचं वाद्य) वाजवते ती नखाने, वरून खाली मारत. अंगठा मात्र पाचव्या, आखूड तारेवर राखून ठेवलेला. ती तार मध्ये मध्ये एकच सूर वाजवत राहते. चाल कुठेही फिरो, तो सूर जागचा हलत नाही. गोंधळात तुणतुणं जे काम करतं तेच. 'ब्राउन्स ड्रीम' लावून फक्त त्या एका तारेकडे लक्ष द्या, मी काय म्हणतोय ते कळेल.

बँजो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोपी घातलेला गोरा शेतकरी येतो. पण हे वाद्य गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर तिकडे पोचलं. भोपळ्यावर चामडं ताणून केलेलं. बँजो-फिडलवर नाच वाजवणारे काळे वादक दक्षिणेत जागोजागी होते. १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी मालाची वाटणी केली. काळ्यांचं संगीत 'रेस रेकॉर्ड्स', गोऱ्या खेडुतांचं 'हिलबिली'. फिडल गोऱ्यांच्या खात्यात गेलं आणि काळ्या फिडलवादकांना रेकॉर्ड करायला फारसं कुणी आलंच नाही. तबकडी नाही म्हणजे पुढच्या पिढीच्या लेखी ती माणसं झालीच नाहीत. दुकानात माल कुठल्या फळीवर लावायचा या हिशेबाने एका समाजाची आठवण पुसली गेली. हे वाचल्यापासून मी कुठल्याही संगीताला लावलेल्या लेबलाकडे संशयानेच बघतो.

जो थॉम्पसनचा जन्म १९१८चा. घरात पिढ्यान् पिढ्या फिडल. २००५ साली गिडन्स, रॉबिन्सन आणि डॉम फ्लेमन्स हे तिघं तरुण त्याच्या घरी जायला लागले. नोटेशन नाही, वही नाही. म्हाताऱ्यासमोर बसायचं, तो वाजवेल ते वाजवायचं, चुकलं की पुन्हा. आपल्याकडे मांडीला मांडी लावून शिकणं म्हणतात ते हेच. त्यातून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा बँड उभा राहिला, २०१० साली आलेल्या त्यांच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. पुढे गिडन्सला ऑपेरासाठी २०२३चं पुलित्झर मिळालं, बियॉन्सेच्या गाण्यात तिचा बँजो जगभर वाजला. एवढं सगळं झाल्यावर ही बाई जुन्या साथीदाराला घेऊन गुरूच्या अंगणात परत गेली आणि तिथे शिकलेल्या चाली वाजवल्या. माझ्या लेखी हा तिचा सगळ्यात मोठा अल्बम आहे.

खोट काढायचीच तर अठरा चाली एका बैठकीला जड जातात. या नाचाच्या चाली, तेच तेच फिरून येणं हा त्यांचा धर्म. पण खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला मधल्या तीन-चार सारख्याच वाटतील. मी दोन बैठकांत ऐकतो.

हे ऐकताना मला एक जुनी गोष्ट सलत राहिली. माझा एक मित्र संबळ वाजवतो, घरात गोंधळाची परंपरा. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका स्टुडिओने त्याला 'फोक फ्यूजन' अल्बमसाठी बोलावलं. मी सोबत गेलो होतो. त्याला एका काचेच्या खोलीत एकट्याला बसवलं, कानात क्लिक, म्हणजे लय मोजणारी यंत्राची टिकटिक, दिली आणि सांगितलं, चार मात्रांचे तुकडे दे. गाणारा समोर नाही, तुणतुणं नाही. त्याने विचारलं, "पण मी कुणाबरोबर वाजवायचं?" त्यावर आतून माइकवरून आवाज आला, "क्लिकबरोबर." अल्बम आला तेव्हा त्याचा एक तुकडा कापून बत्तीस वेळा चिकटवलेला होता. बोल आळवत आळवत तो जिथे लय चढवतो, ती चढणच गायब. ते संबळ कुठेच वाजत नव्हतं. अशा अल्बमांना आपण 'मातीचा गंध' वगैरे म्हणतो, याचा मला मनापासून राग येतो.

आणि आपल्याकडे हे काम नीट झालेलं नाही असंही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यातल्या बऱ्याच आता ऐकायला मिळतात. त्यातली जात्यावर बसून गायलेली एखादी लावा. बाई गातेय आणि खाली जातं फिरतंय. जात्याची घरघर काढून टाकली तर ओवीचा श्वास कुठे तुटतो ते कळणारच नाही, कारण तो हाताच्या फेऱ्यावर तुटतो.

मग स्टुडिओ वाईटच का? नाही. गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज या अमेरिकी गायक जोडीचा 'वुडलँड' (ऑगस्ट २०२४) ऐका. नॅशव्हिलमधला वुडलँड स्टुडिओ त्यांच्याच मालकीचा. मार्च २०२०च्या टोर्नेडोत त्याचं छप्पर उडालं आणि या दोघांनी रातोरात आपल्या टेप्स वाचवल्या. त्याच वास्तूत, ती पुन्हा उभी करून, हा अल्बम झाला. दहा गाणी. दोन आवाज इतके जवळ की कुठला कुणाचा ते काही ओळींना सांगता येत नाही. रॉलिंग्जची ती १९३५ची छोटी एपिफोन गिटार नेहमीप्रमाणे गाण्याच्या कडेकडेने चालते, कधी मुद्दाम बेसूर वाटेल अशा जागी जाऊन उभी राहते आणि परत येते. 'हॅशटॅग' हे गाणं गाय क्लार्क या दिवंगत गीतकार-गायकाच्या आठवणीतलं. आपल्यासारख्या गाणाऱ्यांचं नाव बातमीत येतं ते मेल्यावरच, एवढाच त्याचा आशय. मी ते सलग तीनदा ऐकलं. काही ठिकाणी व्हायोलिनचा ताफा आणि ड्रम्स आहेत, ते मला नको होते. या दोघांना तिसऱ्याची गरज लागत नाही. तरी शेवटचं 'हाउडी हाउडी' आलं की फक्त दोघं आणि बँजो उरतात, आणि खोली ऐकू येते.

एड्रिअन लेंकर या गायिकेचा 'ब्राइट फ्युचर' (मार्च २०२४) इंडीच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या संगीताच्या, खात्यातला, पण माझ्या कसोटीला पुरेपूर उतरतो. जंगलातल्या स्टुडिओत, टेपवर, मोजक्या मित्रांबरोबर केलेला. पहिलंच गाणं पियानोवर, लहानपणाच्या घराचं. तिचा आवाज मध्येच इतका खाली जातो की आपण नकळत पुढे झुकतो. 'व्हॅम्पायर एम्पायर' तिच्या बँडने २०२३ मध्येही केलं होतं. मला हेच जास्त आवडतं, सैल, धावतपळत वाजवलेलं.

गेल्या महिन्यात मित्राच्या गावी गेलो तेव्हा त्याला गिडन्स-रॉबिन्सन ऐकवलं, फोनवरूनच, अंगणात बाजेवर बसून. इंग्रजी त्याला येत नाही. दोन चाली होईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "हे बाहेर बसलेत. आणि एकमेकांकडे बघून वाजवतायत." उठला, आतून संबळ आणली, चामडं बोटाने दाबून बघितलं, टोकाला वाकवलेली काडी शोधली आणि तिसऱ्या चालीला ठेका धरला. दोन-चार मात्रा चुकल्या, मग बसलं. मी फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं. त्यात शेजारची म्हैस आहे, त्याच्या आईची चहाची हाक आहे. ज्यांना ऐकायचंय त्यांनी मेसेज करा, त्याला विचारून पाठवतो.