आबांचं नामस्मरण

आबांना कमी ऐकू येतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ज्या ज्या वेळी त्यांना ऐकू येत नव्हतं, त्या त्या वेळी ट्रॅक्टर चालू असायचा आणि मग ऐकू तर आम्हालाही येत नसायचं.

ट्रॅक्टर एचएमटी झेटर २५११, १९७६ सालचा. दोन सिलिंडर, २५ हॉर्सपॉवर. बनला हरियाणातल्या पिंजोरला, पण आजोळ चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोचं. त्यामुळे बिघडला की आबा म्हणायचे, "फॉरेनचं रक्त हाय, हट्टी असणारच." त्याचा मूळचा सायलेन्सर माझ्या जन्माआधीच कुजून गळून पडला. त्या जागी आबांनी बोअरचा उरलेला दोन इंची जीआय पाईप उभा वेल्डिंग करून घेतला. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वर तेलाचा रिकामा डबा उपडा घालायचा. डबा काढायला विसरून कुणी सेल्फ मारला, की पहिल्याच फटक्याला तो शेजारच्या काकूंच्या पत्र्यावर. तो परत आणायला गेलं की चहा व्हायचा. शेजारधर्म बराचसा त्या डब्यावर टिकून होता.

आणि आवाज! ओढ्यापाशी आबांचा ट्रॅक्टर चढाला लागला की आई तवा चुलीवर टाकायची. आंब्याखाली टेकलेल्या बायका खुरपी घेऊन सरीत दिसायच्या. मी अभ्यासाचं पुस्तक सुलटं करायचो. आबा सीटवर ताठ बसलेले आणि ओठ सारखे हलत असलेले. आई सगळ्यांना कौतुकानं सांगायची, "नामस्मरण करत्यात. नांगराला लागलं तरी खंड न्हाई."

हे असंच चाललं असतं, पण गेल्या माघात कडबा पेटला. चढावर इंजिन ओढायला लागलं की त्या सरळ नळकांड्यातून काजळीच्या पेटत्या खपल्या उडायच्या. रात्री ते दृश्य दिवाळीसारखं दिसायचं, त्यामुळे त्याला कुणी दोष मानलाच नव्हता. त्या दिवशी एक खपली मागच्या ट्रॉलीत पडली. रस्त्याकडेची माणसं "आग! आग!" म्हणून हात हलवत ओरडत होती आणि आबा दोन्ही बाजूंना मान डोलावत, हात वर करून नमस्कार घेत पुढं चालले होते. ट्रॉली ओढ्यात घातली तेव्हा दहा-बारा पेंढ्या गेल्या होत्या. बाकीचा कडबा भिजला, तो म्हशींनी महिनाभर नाक मुरडून खाल्ला.

माझ्या लेकीनं मग मोबाईल घेऊन सीटजवळ आवाज मोजला. १०१ डेसिबल. ती म्हणाली, ८५ डेसिबलमध्ये माणसानं दिवसाला आठ तास काढावेत, त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करायची. म्हणजे शंभराला पाव तास. आबांनी त्या सीटवर चाळीस वर्षं काढली होती. "काय म्हनती गं?" आबांनी विचारलं. तिनं तिसऱ्यांदा सांगितल्यावर म्हणाले, "आवाज गेला तर त्यो ट्रॅक्टर कसला? शिलाई मशीन हुईल त्याचं."

तरी मी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रींनी पाईपला एक प्रदक्षिणा घातली, टिचकी मारली आणि विचारलं, "हे कुनी बसिवलं?" जगातला प्रत्येक मिस्त्री कामाची सुरुवात या प्रश्नानं करतो. आबा छाती पुढं काढून म्हणाले, "मी." मिस्त्री एकदम गप्प झाले.

मला वाटलं होतं, दुपारच्या चहापर्यंत होईल. मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळीचे, चार नट. त्यांतला पहिला फिरला, तेव्हा मी हसलो. दुसऱ्याला, ज्या आटेदार दांड्यावर नट बसतो तो स्टडच तुटला. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला, उरलेल्या दोघांवर डिझेल सोडलं आणि म्हणाले, "आता रातभर भिजू द्या. पन्नास वर्सांची सोयरीक हाय, अशी तुटत न्हाई." दुसऱ्या दिवशी तुटक्या स्टडच्या बुडख्यावर त्यांनी नवा नट ठेवून वेल्डिंगनं चिकटवला, तो तापून लाल असतानाच पाना लावला आणि श्वास धरून एवढंसं मागं, एवढंसं पुढं करत फिरवला. स्टड कुरकुरत बाहेर आला. आम्ही सगळे न्हाणीघराबाहेर बाळंतपणाची वाट बघावी तसे उभे होतो. जुना पाईप मात्र त्यांनी गॅसनं कापायला साफ नकार दिला. जीआयवर जस्ताचा मुलामा असतो, त्याचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. तो ग्राइंडरनं, तोंडाला फडकं बांधून काढला.

सायलेन्सर मी भंगारातून स्वस्तात आणला होता. तो बसवला आणि इंजिन गुदमरलं. काळा धूर, ताकद शून्य. रिकामी ट्रॉलीसुद्धा ओढेना. मिस्त्री म्हणाले, "नाकाच्या भोकापेक्षा बारीक नळी लावल्यावर त्यो श्वास कुठनं सोडनार?" मग तो भंगारातला त्यांनी मला दाखवायलाच उभा कापला. आत भोकाभोकांची नळी, आडव्या भिंती, छोट्या खोल्या. लग्नघरात वरमायची तक्रार स्वयंपाकघर, माजघर, ओसरी अशी फिरत मांडवात पोचेतो जशी कुजबुज उरते, तसं आत आवाजाचं होतं. हे माझ्या चारशे रुपयांत मला कळलं.

शेवटी मापाचा नवा आणला. तोंड मॅनिफोल्डइतकंच रुंद, उंची डोक्याच्या वर, हात भाजू नये म्हणून भोवती जाळी, आणि ठिणगी अडवायची डबी. तिच्यात धुराला गरकन फिरवतात. जड काजळी कडेला फेकली जाते आणि खालच्या खिशात साठते. खिसा मधूनमधून रिकामा करायचा. वर बिजागरीचं झाकण, धुरानं उघडतं, इंजिन बंद झालं की मिटतं. डब्याची नोकरी गेली. काकू दोनदा विचारून गेल्या, "डबा न्हाई आला अलीकडं?"

सेल्फ मारला. आवाज कसला, घसा साफ केल्यासारखी घरघर. लेकीचा मोबाईल म्हणाला, ९०. आबांनी बोनेटवर हात ठेवून तो चालू असल्याची खात्री करून घेतली.

पहिल्या दिवशी आबा घरी आले तेव्हा चूलसुद्धा पेटली नव्हती. आंब्याखालच्या बायका गप्पांत सापडल्या. टॅपेटची टकटक, मडगार्डचा खडखडाट, गिअरची रड, असं आत लपलेलं एकेक दुखणं ऐकू यायला लागलं आणि मिस्त्री दुसऱ्याच दिवशी पुन्हा जेवायला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा रोटर लावून बांधाकडच्या तासाला होते. आई न्याहारी घेऊन गेली होती, पलीकडं चुलते पाणी पाजत होते. मी दारात. आणि घरघरीच्या वरून, ट्रॅक्टरच्या आवाजावर मात करायच्या चाळीस वर्षांच्या सवयीनं, आबांचं नामस्मरण अख्ख्या शिवाराला स्वच्छ ऐकू आलं. त्यात देव कुठंच नव्हता. चुलत्यानं दीड हात सरकवलेला बांध होता, त्यांच्या सासुरवाडीचा उद्धार होता, माझी नोकरी होती, सोसायटीचे चेअरमन होते आणि आईच्या कालच्या वांग्याच्या भाजीवर सविस्तर मत होतं.

चुलत्यांनी पाटाचं दार तसंच वाहतं सोडलं आणि ऐकत उभे राहिले. आईनं डोईवरची पाटी बांधावर ठेवली, भाकरीचं फडकं पुन्हा गाठ मारून बांधलं आणि तशीच घराकडं वळली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली,

"त्यो बोअरचा पाईप भंगारात दिलास का रं?"

"न्हाई. गोठ्यामागं हाय."

"असू दे. मिस्त्रीला सांजच्याला जेवायला बोलव."