मिल्क थिसलच्या गोळीने लिव्हर 'नवीन' होत नाही, तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

परत तोच मेसेज आलाय. मिल्क थिसलच्या बियांचा अर्क घ्या, तीस दिवसांत लिव्हर आतून धुऊन निघेल, फॅटी लिव्हर गायब, सिरॉसिससुद्धा (लिव्हर व्रणांनी भरून कडक होणं) बरा, दारू पिण्याआधी एक गोळी घेतली की झालं, साइड इफेक्ट शून्य, आणि शेवटी काय तर डॉक्टरांची औषधं बंद करा! त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलोय.

आधी खरं काय ते. झाड काटेरी, पानांवर दुधासारख्या पांढऱ्या रेषा, आणि बियांमध्ये सिलिमरिन नावाचं मिश्रण असतं, त्यातला मुख्य घटक सिलिबिन. लॅबमध्ये पेशींवर टाकलं की चांगले परिणाम दिसतात हे खरंय, पण ते पाण्यात धड विरघळत नाही आणि गोळी गिळली की रक्तात फारच कमी पोचतं. म्हणजे लॅबमध्ये जे दिसलं तेच तुमच्या पोटात होईल असं नाही ना.

"लिव्हर धुऊन निघतं" म्हणे. अहो लिव्हर म्हणजे काय गाळणी आहे का, गाळ साचला की धुवायला? ते अमोनियाचा युरिया करतं, दारू आधी अ‍ॅसिटाल्डिहाइडमध्ये आणि मग अ‍ॅसिटेटमध्ये बदलतं, आणि हे काम रात्रंदिवस चालू असतं. फॅटी लिव्हरमध्ये साठते ती चरबी, पेशींच्या आत, ती धुऊन कशी जाणार?

आता फॅटी लिव्हर, कारण लोक सगळ्यात जास्त ह्याच्यासाठी गोळ्या घेतात. 2017 साली मलेशियातल्या अभ्यासात बायॉप्सी केलेल्या 99 पेशंटना 48 आठवडे बघितलं, अर्ध्यांना दिवसातून तीनदा 700 मिलिग्रॅम सिलिमरिन, बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली साधी गोळी. ठरवलेली सुधारणा सिलिमरिनवाल्यांत 32.7 टक्के लोकांत दिसली आणि साध्या गोळीवाल्यांत 26 टक्के, म्हणजे खात्रीने सांगता येईल असा फरक नाहीच. फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरमध्ये साठलेले व्रण, मात्र सिलिमरिनवाल्यांत थोड्या जास्त लोकांचा कमी झाला, हे लपवायचं नाहीये मला, पण त्यावरून 'गायब' म्हणणं म्हणजे कुठल्या कुठे. वजन पाच टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही उतरायला लागते.

माझ्या मावसभावाने मला दोन रिपोर्टचे फोटो पाठवले, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ह्यालाच एएलटी म्हणतात) 92 वरून 58, खाली लिहिलं "बघ, गोळीचा गुण". मी विचारलं अजून काय बदललंस, तर म्हणे दारू सोडली महिनाभर आणि रोज चालायला जातो. मग गुण कोणाचा रे? नुसती दारू सोडली तरी हा आकडा उतरतो, आणि वाईट म्हणजे सिरॉसिस झालेल्या माणसाचा एसजीपीटी कधीकधी नॉर्मलही येतो, त्यामुळे त्या एका आकड्यावर जाऊ नका.

सिरॉसिसचं सांगायचं तर 1989 च्या एका अभ्यासात घेणारे जास्त जगले, 1998 च्या दुसऱ्यात दारूमुळे सिरॉसिस झालेल्या 200 जणांत काहीच फरक पडला नाही. मेसेजवाले पहिला सांगतात, दुसरा गाळतात.

विषारी मशरूमवर ह्याचा उपयोग होतो म्हणतात ते पूर्ण खोटं नाही. डेथ कॅप नावाच्या मशरूमचं विष ज्या वाटेने लिव्हरच्या पेशीत शिरतं ती वाट सिलिबिन अडवतं, पण ते शिरेतून देतात, हॉस्पिटलमध्ये. तुमच्या बाटलीतल्या गोळीशी त्याचा संबंध नाही आणि दारूशी तर अजिबातच नाही, 'गोळी घेतलीये मग प्या' हा हिशोब कोणी करू नका.

साइड इफेक्ट म्हणाल तर बहुतेकांना ही गोळी सोसते, काहींना पोट बिघडतं, झेंडू-शेवंतीच्या कुळातल्या झाडांची अ‍ॅलर्जी असेल तर जपून.

आणि 'औषधं बंद करा'. हेपेटायटिस सी च्या 154 पेशंटवर 2012 साली सिलिमरिनचा जोरदार डोस देऊन बघितलं, 24 आठवड्यांनी एएलटीमध्ये साध्या गोळीपेक्षा फरक नाही. आज त्याच आजाराच्या औषधांनी आठ-बारा आठवड्यांत 95 टक्क्यांच्या वर लोक बरे होतात, ते सोडून बिया चघळत बसायचं? हेपेटायटिस बी ची गोळी तर मनाने बंद केली की व्हायरस उसळतो, आणि त्यात लिव्हर फेल होऊन माणसं गेलीयेत. गोळी घेत असाल तर डॉक्टरांना बाटली दाखवा, आणि डोळे पिवळे दिसले, पोट फुगलं किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.