करडा, पण आपुलकीचा

आमच्या लिफ्टला जाळीची दारं आहेत. कुणीतरी दार अर्धवट लोटून चालतं होतं आणि लिफ्ट चौथ्या मजल्यावर हिंदी-इंग्रजीत बोंबलत बसते. ते मराठीत व्हावं असं कमिटीनं ठरवलं आणि सेक्रेटरीकाका थेट माझ्याकडे आले. मी डबिंग करते. कार्टूनमधले मुलगे, त्यांच्या आया, अधूनमधून एखादी चेटकीण.

"एकच तर वाक्य आहे," काका म्हणाले. "'कृपया दरवाजा बंद करा.' आता बसल्या बसल्या होईल."

"काका, याचे पैसे पडतील."

"बोलायचे?"

मुद्दा तिथेच संपला. काकांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. मी पंखा बंद करायला उठले, तर म्हणाले, "असू दे, पंखा लिफ्टमध्येही आहे." काका पालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेत. पण त्या अर्ध्या तासात त्यांच्यातला जो दिग्दर्शक जागा झाला, तो अंधेरीतल्या कुठल्याही स्टुडिओत खपला असता.

"करडा आवाज हवा, पण आपुलकीचा."

म्हटलं.

"फार गोड झालं. गोड बोलल्यावर कोण ऐकतंय? आमच्या खात्यात बघा."

करडं म्हटलं.

"छे! असं आमची ही बोलते. लोक जिन्यानं जातील. आणि तो कार्टूनमधल्या पोराचा आवाज मात्र नको हं. दुसऱ्या मजल्यावरची कार्टी मुद्दाम दार उघडं टाकतील."

मी तो आवाज काढलाच नव्हता. पण माझ्या बोलण्यात तो पोरगा कुठेतरी डोकावतो, हे खरं. कुरिअरवाला अजूनही फोनवर "बाळा, मम्मीला दे" म्हणतो. मी पन्नाशीला टेकलेय. बँकेला तर फोनवर जन्मतारीख सांगितली की पलीकडे शांतता पसरते.

आणि लोकांना वाटतं, एसीत बसून बडबडायचं काम आहे. अहो, पूर्वी एका माइकभोवती सगळे उभे राहायचे. शेवटच्या ओळीला कुणी अडखळला की सगळ्यांना पहिल्यापासून. आता प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक. ज्या नवऱ्याशी मी सीझनभर भांडले, त्याला मी आजतागायत पाहिलेलं नाही. दिवसाच्या शेवटी एफर्ट्स, म्हणजे पळणं, पडणं, बुडणं, गळा दाबला जाणं यांचे नुसते आवाज. ते शेवटी ठेवतात, कारण त्यानंतर घशात काही उरत नाही. मग घरी येऊन भाजीवाल्याशी खुणांनी घासाघीस. चेक येतो तेव्हा ती मालिका संपलेली असते.

असो. काकांनी रेकॉर्डिंग कमिटीला ऐकवलं. परवा जिन्यात भेटले, तेव्हा निकाल सांगितला. (लिफ्ट अर्थातच अडकली होती.)

"सगळ्यांचं मत पडलं, नैसर्गिक वाटत नाही."

"मग?"

"नातवानं मोबाईलवर करून दिलं. एआय. एकदम घरच्यासारखं!"

ते घरचं माणूस आता "कृपया दरवाजा" म्हणून थांबतं, विचार करतं आणि मग "बंद करा" म्हणतं. ऐकताना दर वेळी मला शंका येते, त्यात माझा तर काही भाग नसेल? आमच्या करारांत 'आजवर शोधल्या गेलेल्या आणि यापुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असं एक कलम असतं आणि सही केल्याशिवाय बूथमध्ये सोडत नाहीत. 'यापुढे शोधल्या जाणाऱ्या'त काय काय येईल, हे तेव्हा कुणाला सुचणार? २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करायला मनाई केली. चांगलंच झालं. पण त्याचा आवाज कोर्टही ओळखतं. माझा ओळखायला चार वर्षांची पोरं साक्षीला न्यावी लागतील.

या महिन्याच्या मेंटेनन्स बिलात 'लिफ्ट उद्घोषणा यंत्रणा' अशी नवी ओळ आलीये. मी काकांना विचारलं, तर म्हणाले, "ॲपची वर्गणी-बिर्गणी असते ना, फुकट कोण देतं हल्ली?" मुदतीत भरलं नाही, तर वर व्याज.