तोंडातले जंतू सरसकट मारायचे कशासाठी?

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: निरोगी तोंडात जंतू नसतात, कीड, दुर्गंधी आणि हृदयविकाराचं मूळ हे जंतूच, म्हणून प्रत्येकाने रोज दोनदा, जन्मभर, जंतुनाशक माउथवॉशने चुळा भराव्यात. मारण्यात तोटा काहीच नाही.

‘निरोगी तोंडात जंतू नसतात.’ असतात, भरपूर असतात. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचे लेवेनहूक स्वतः भिंगं घडवून सूक्ष्म जीव न्याहाळत. ते रोज मिठाने दात घासत. तरी १६८३ मध्ये त्यांनी स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसले. तान्ह्या बाळाच्या तोंडातही स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हॅरियस हा जंतू पहिल्या काही दिवसांतच मुक्काम ठोकतो.

‘दात जंतूंमुळे किडतात, म्हणून सगळे मारा.’ पूर्वार्ध खरा. पेढा खाल्ला की स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्ससारखे जंतू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. दातांवरच्या थराचा पीएच (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) काही मिनिटांत ५.५ च्या आसपास उतरतो आणि एनॅमल, म्हणजे दाताचं कठीण बाहेरचं कवच, विरघळू लागतं. पण त्याच थरात व्हेयोनेला नावाचे बारीक, गोल जंतू राहतात. साखरेवर त्यांचं भागत नाही. शेजाऱ्यांनी टाकलेलं लॅक्टिक आम्ल खाऊन ते ॲसिटिक आणि प्रोपियॉनिक ही त्याहून सौम्य आम्लं सोडतात. (आता ‘व्हेयोनेला दात वाचवतात’ असं फॉरवर्ड करू नका. किडलेल्या दातावरही ते भरपूर सापडतात, कारण तिथे त्यांचं खाणं मुबलक.) दिवसभर गोड चहा-बिस्किटं चालू असतील, तर चुळा भरून फारसं काही साधत नाही.

‘मारण्यात तोटा काहीच नाही.’ इथे मजकूर साफ घसरतो. पालक, मेथी, बीट यांतलं नायट्रेट रक्तात जातं. त्यातला साधारण चौथा हिस्सा लाळग्रंथी ओढून घेतात आणि लाळेतून पुन्हा तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या भागावरच्या खाचांत व्हेयोनेला, रोथिया, नायसेरिया वगैरे मंडळी त्याचं नायट्राइट करतात. आपल्या स्वतःच्या पेशींना हे काम फारसं जमत नाही. गिळलेल्या नायट्राइटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं, त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. लंडनमधल्या एका अभ्यासात (२०१३) १९ निरोगी माणसांनी आठवडाभर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा भरल्या, तर त्यांचा रक्तदाब २ ते ३.५ मिमीने चढला. १९ माणसं काही फार नव्हेत, आणि क्लोरहेक्सिडिन हे जालीम औषध. दुकानातल्या प्रत्येक बाटलीला हा आकडा लावता येणार नाही. तरी ‘तोटा काहीच नाही’ हे म्हणणं टिकत नाही. शिवाय या औषधाने दातांवर तपकिरी डाग पडतात, तोंडाची चव जाते, ते वेगळंच.

दुर्गंधीचं म्हणाल तर ती बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या थरातून किंवा सुजलेल्या हिरड्यांतून येते. जीभ हलक्या हाताने खरवडा, हिरड्या दाखवून घ्या.

‘हेच जंतू रक्तात शिरून हृदय बिघडवतात.’ व्हिरिडन्स गटातले स्ट्रेप्टोकॉकस साधे दात घासतानाही थोडे रक्तात जातात. निरोगी शरीर त्यांना लगेच निकालात काढतं. मात्र हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा पूर्वी हृदयाच्या अस्तराचा संसर्ग होऊन गेला असेल, तर धोका खरा आहे. अशांनी दात काढायच्या आधीच दंतवैद्याला तसं सांगावं. ते अँटिबायोटिकचा एक डोस आधी देतात. त्यासाठी बाकीच्यांनी जन्मभर चुळा भरण्याची गरज नाही.