ब्लू मून, धोंडा आणि सठीसामाशी

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. मागच्या लेखात मी ‘वन्स इन अ ब्लू मून’ (फार क्वचित) या इंग्रजी वाक्प्रचाराला ‘कपिलाषष्ठीचा योग’ म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, ब्लू मून म्हणजे एका इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा, ती अडीच-पावणेतीन वर्षांनी येतेच. मग तो आपला धोंड्याचा महिना झाला, कपिलाषष्ठी कुठून आली? खेड्यातल्या पोरांना भलतंच शिकवू नका.

धोंड्याची आठवण मात्र झकास काढली. २०२३चा ऑगस्ट बघा. सुरुवातीलाच अधिक श्रावणातली पौर्णिमा, ३० तारखेला राखी, आणि पोळा सरकत सरकत गेला १४ सप्टेंबरवर. ब्लू मून आणि धोंडा, दोन्हींचं मूळ एकच आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस, असे बारा महिने ३५४ दिवसांतच आटोपतात. उरलेले अकरा दिवस साचत जातात. आपण त्यांचा एक महिना करून जावयाला अनारसे घालतो. तिकडे एखाद्या महिन्यात दोन पौर्णिमा बसतात.

पण हा हिशेब त्या वाक्प्रचाराच्या मागून आलेला आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं शेतकऱ्यांचं एक पंचांग तीन महिन्यांच्या एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ब्लू मून म्हणायचं. १९४६ साली ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकातल्या एका लेखकानं ते चुकीचं वाचलं आणि ‘महिन्यातली दुसरी’ असं लिहून टाकलं. तेच पसरलं. मासिकानं चूक कबूल केली ती १९९९मध्ये! ‘ब्लू मून’ हे शब्द ‘खूप दिवसांत’ या अर्थानं तर १८२१मध्येच छापून आलेले आहेत. त्याच्याही आधी, १५२८च्या एका पुस्तिकेत पाद्र्यांना टोमणा आहे: ते म्हणाले चंद्र निळा, तर आपण खरं मानायचं. म्हणजे निळा चंद्र ही आधी न होणारी गोष्ट होती, पुढे क्वचित होणारी झाली. (१८८३मध्ये क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला तेव्हा धुळीमुळे लोकांना चंद्र खरोखरच निळसर दिसला, पण तोवर वाक्प्रचार रुळलेला होता.)

आता माझी चूक. कपिलाषष्ठीला भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतीपात असं सगळं एकदम जुळावं लागतं. म्हणून चार भाऊ एकाच दिवशी घरी जमले, की आपण ‘कपिलाषष्ठीचा योग’ म्हणतो. त्यात आनंद आहे, जुळून येणं आहे. इंग्रजीत तसं नाही. तिथं बहुतेक वेळा बारीक तक्रार असते, आणि बोलणं सवयीचं असतं, एका घटनेचं नव्हे. ‘काल बाबा वन्स इन अ ब्लू मून आले’ हे चालत नाही.

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका पोरीनं वहीत लिहिलं होतं: ‘माय फादर कम्स होम वन्स इन अ ब्लू मून.’ बाप पुण्याकडे कामाला. मी बरोबरची खूण केली. तिला न्यायला आलेल्या आजीनं विचारलं, काय लिवलं पोरीनं? मी अर्थ सांगितला. म्हातारी म्हणाली, ‘मंग सठीसामाशी येते मन ना! पोयाले आला तं आला, नाई तं नाई.’

भाऊ, मला लेख लिहिताना हा शब्द सुचायला हवा होता. आता ‘कपिलाषष्ठी’ काढून तिथं तोच टाकला आहे. तुमचा धोंडा मात्र घेणार नाही. तो कधी येणार हे पंचांगात छापलेलं असतं, सासुरवाडीला आधीपासून अनारशांचं पीठ तयार ठेवता येतं. त्या पोरीच्या घरी तशी तारीख कोणालाच ठाऊक नाही.