‘९८ दिसलं की प्रोब ठणठणीत’ म्हणे!

गुहागर ते वेंगुर्ले, किनाऱ्यावरच्या नर्सिंग होमांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ऑक्सिमीटरचा प्रोब (केबलसकट बोटाची क्लिप) स्वतःच्या बोटाला लावा; लाल दिवा लागला, ९८ दिसलं की प्रोब ठणठणीत. शंका असेल तर सिम्युलेटर, म्हणजे बोटाची नक्कल करणारं टेस्टर, लावा, तो खोटं बोलत नाही. आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत दर सहा महिन्यांनी प्रोब बदलाच.

लाल दिव्याचं आधी उरकू. प्रोबमध्ये दिवे दोन असतात: लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा, आणि इन्फ्रारेड, बहुधा ९४० च्या आसपासचा. दुसरा डोळ्यांना दिसत नाही, आणि रीडिंग तर दोघांच्या गुणोत्तरावरून निघतं.

आता ते ९८. धडधाकट माणसाचा ऑक्सिजन तेवढा असतोच, त्यात प्रोबची परीक्षा कसली? पेशंट ८५ वर घसरला की प्रोब काय दाखवेल, ते तुमच्या बोटावरून कळत नाही. शिवाय तुम्ही बसता हात स्थिर ठेवून, केबल सरळ सोडून. वॉर्डात केबल खाटेच्या कठड्यात अडकते, उशीखाली दबते. मग क्लिपच्या बुडाशी नाहीतर प्लगच्या मानेशी तारा आतून तुटतात. वरचं आवरण मात्र शाबूत. म्हणून प्रोब बोटाला लावून नेमक्या त्या दोन जागा हळूच वाकवा, थोडा पीळ द्या. नजर पडद्यावरच्या नाडीच्या लहरीवर ठेवा, आकड्यावर नको. आकडा काही सेकंदांची सरासरी असतो, तो मागाहून पडतो. वाकवताना लहर तुटली तर ९९ दिसत असलं तरी तो प्रोब बाद. मनगटाची नाडी मोजून मशीनच्या नाडीशी ताडून बघा, त्याला तर पैसेही पडत नाहीत.

सिम्युलेटर खोटं बोलत नाही, पण त्याला विचारताय काय? प्रोब आणि मशीनची अचूकता ठरते ती निरोगी स्वयंसेवकांचा ऑक्सिजन देखरेखीखाली ७० टक्क्यांपर्यंत उतरवून, धमनीतल्या रक्ताच्या नमुन्यांशी ताडून. सिम्युलेटरकडे रक्त नाही. तो त्या-त्या कंपनीचा ठरलेला तक्ता वापरतो. चुकीची कंपनी निवडलीत तर चांगला प्रोबही नापास दिसेल. अशा टेस्टरवरून अचूकता ठरवता येत नाही, हे ऑक्सिमीटरांच्या आंतरराष्ट्रीय मानकातच (आयएसओ ८०६०१-२-६१) आहे.

खाऱ्या हवेचं मात्र खरं. प्लगच्या पिनांवर हिरवट थर धरतो. पण ओपीडीत अधूनमधून लागणारा प्रोब आणि आयसीयूत रात्रंदिवस चालणारा प्रोब यांना एकच तारीख कशी लागू होईल? पिना, पॅड, स्प्रिंग दर आठवड्याला बघा. स्प्रिंग सैल पडली असेल, पॅड चिकटपट्टीने सांधलेलं असेल, तर बाहेरचा उजेड आत शिरतो. तसला प्रोब आणून महिनाच झाला असला तरी काढून टाका.